भटेरीची साथिन आणि कामकरी स्त्रीचे संरक्षण

राजस्थानात जयपूर शहरापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, बस्सी तहसिलीत भटेरी नावाचे एक लहानसे गाव आहे. आज देशातील कोणत्याही कार्यालयाच्या, कारखान्याच्या वा महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 'अंतर्गत समिती'ची नावे लावलेली आढळतात. त्या फलकाचा उगम या गावात आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. भटेरीच्या भंवरीदेवी या कुंभार समाजातील, शाळेचे शिक्षण न लाभलेल्या स्त्रीने शासनाच्या कामासाठी जे सोसले आणि पुढे जो निर्धार दाखविला, त्यातून हा कायदा आकारास आला. महाराष्ट्रातील वाचकाने ही हकीकत जाणून घ्यावी, याला आणखी एक कारण आहे. भटेरीत सुरू झालेली ही वाटचाल पुढे पुण्यातील एका कार्यकर्तीच्या चिकाटीमुळे तडीस गेली.

राजस्थान शासनाने १९८४ साली स्त्रीविकासाचा एक आगळा कार्यक्रम हाती घेतला. गावातील स्त्रियांना शिलाईयंत्रे किंवा कोंबड्या वाटण्यापेक्षा त्यांना बोलते करावे, आपल्या अडचणींची उकल त्यांनी स्वतः करावी, अशी त्यामागील कल्पना होती. प्रत्येक गावातून एक स्त्री निवडण्यात येई. तिला 'साथिन' म्हणत. काही गावांच्या गटावर देखरेख करणारी ती 'प्रचेता'. साथिनीला प्रशिक्षण दिले जाई आणि दरमहा २०० रुपये मानधन मिळे. पगार नव्हे, मानधन. हा शब्दभेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

भंवरीदेवी १९८५ साली साथिन झाल्या. जमीन, पाणी, साक्षरता, आरोग्य, स्वस्त धान्याचे दुकान, दुष्काळी कामावरील किमान मजुरी असे गावचे नित्याचे प्रश्न त्यांनी हाताळले. १९८७ साली शेजारच्या गावातील एका स्त्रीवर बलात्काराचा प्रयत्न झाला, तेव्हा तिच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. या सर्व कामात त्यांना गावाचा पाठिंबा होता, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. दुसऱ्या गावातील स्त्रीवर अन्याय झाला तेव्हा भटेरी त्यांच्या पाठीशी होते. प्रश्न जेव्हा स्वतःच्या गावातील वजनदार घराच्या अंगणात गेला, तेव्हा तेच गाव फिरले. समाजकार्य करणाऱ्या कोणाही व्यक्तीला हा अनुभव अपरिचित नसावा.

बालविवाहाचे निमित्त

अक्षय्य तृतीया हा राजस्थानात विवाहाचा मुहूर्त. त्या दिवशी लहान मुलामुलींची लग्ने सर्रास लावली जात. १९९२ साली शासनाने बालविवाहाविरुद्ध मोहीम योजिली आणि साथिनींवर घरोघर जाऊन लोकांचे मन वळविण्याचे काम सोपविले. भटेरीतील एका प्रबळ कुटुंबात तर नऊ महिन्यांच्या मुलीचा विवाह ठरला होता. भंवरीदेवींनी समजूत घालून पाहिली. ती फोल ठरली. ५ मे १९९२ रोजी अधिकारी व पोलीस गावात आले आणि विवाह थांबविण्यात आला. परंतु रात्र सरण्यापूर्वीच, पहाटे दोनच्या सुमारास तो लागलाही. त्याबद्दल कोणावरही कारवाई झाली नाही. पोलीस गावात आले याचे खापर मात्र साथिनीच्या माथी फुटले.

त्यानंतरचे महिने बहिष्काराचे होते. त्यांची मडकी कोणी विकत घेईना, त्यांना दूध कोणी विकेना. कुंभाराच्या घराचा चरितार्थ ज्यावर चालतो, तेच बंद झाले. शासनाचे काम करताना एका स्त्रीवर ही पाळी आली होती. परंतु तिच्या संरक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नव्हते.

२२ सप्टेंबर १९९२ रोजी संध्याकाळी भंवरीदेवी आणि त्यांचे पती शेतात काम करीत होते. पाच पुरुषांनी पतीला काठ्यांनी मारहाण केली आणि भंवरीदेवींवर सामूहिक अत्याचार झाला, अशी त्यांची फिर्याद आहे.

बावन्न तास

पुढील दोन दिवसांत काय घडले, ते जरा तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण आज कायद्यात ज्या तरतुदी आहेत, त्या नसताना पीडित स्त्रीची काय अवस्था होते, हे त्यातून कळते. बस्सीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्री डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टराने तपासणी करण्यास नकार दिला. जयपूरच्या रुग्णालयाकडे पाठविताना चिठ्ठीत केवळ वय निश्चित करण्याविषयी लिहिले होते. जयपुरास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची अडचण निघाली. अखेर तपासणी झाली, तेव्हा घटनेला सुमारे ५२ तास उलटून गेले होते. दरम्यान पोलीस ठाण्यात पुरावा म्हणून त्यांचा लेहंगा ठेवून घेण्यात आला. नेसायला दुसरे वस्त्र नव्हते. पतीचा रक्ताने डागाळलेला साफा गुंडाळून त्यांना रात्री पायी वाट तुडवावी लागली.

वैद्यकीय पुरावा तासागणिक नष्ट होत असतो. विलंब यंत्रणेचा असतो, आणि न्यायालयात त्याचा जाब मात्र फिर्यादी स्त्रीला द्यावा लागतो. या अनुभवातून देश फार सावकाश शिकला. पीडित स्त्रीस माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत वैद्यकीय तपासणीसाठी पाठविले पाहिजे, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ सालच्या दुरुस्तीने आली. २०१३ सालच्या दुरुस्तीने शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयावर विनामूल्य प्रथमोपचार व उपचार देण्याचे बंधन घालण्यात आले. अशा गुन्ह्याची फिर्याद नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारीही शिक्षेस पात्र ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही या तरतुदी कायम आहेत. बस्सीच्या आरोग्य केंद्रात जे घडले, ते आज घडल्यास तो कायद्याचा भंग ठरेल.

गप्प न बसण्याचा निर्णय

अशा प्रसंगी घराण्याच्या अब्रूखातर तोंड मिटून बसावे, असा सल्ला स्त्रीला चहूबाजूंनी मिळतो. भंवरीदेवींनी तो मानला नाही. पीडित स्त्रीचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. येथे नाव देता येते ते त्यांनी स्वतः जाहीरपणे बोलण्याचे ठरविले म्हणून. लाज बाळगायची ती अत्याचार करणाऱ्याने, ही भूमिका आज व्यासपीठांवरून सहज मांडली जाते. १९९२ साली राजस्थानच्या खेड्यात, बहिष्कार चालू असताना ती आचरणात आणणे ही निराळी गोष्ट होती. त्या गाव सोडून गेल्या नाहीत. राजस्थानातील इतर साथिनी आणि जयपूरच्या स्त्रीसंघटना त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. १९९४ साली असामान्य धैर्याबद्दल त्यांना नीरजा भनोत पुरस्कार देण्यात आला.

खटल्याची वाट मात्र खडतर निघाली. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. डिसेंबर १९९३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन नाकारला. सुनावणीच्या काळात न्यायाधीश वारंवार बदलत गेले आणि १५ नोव्हेंबर १९९५ रोजी सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला अशा रीतीने स्पर्श करणार नाहीत, काका व पुतण्या मिळून असे कृत्य करणार नाहीत, अशा आशयाची कारणे त्या निकालात होती. देशभर त्यावर टीका झाली. शासनाने अपील केले. परंतु २००७ सालापर्यंत त्याची जेमतेम एक सुनावणी झाली होती आणि तोवर आरोपींपैकी दोघे मरण पावले होते.

महाराष्ट्राने असा धक्का याआधी अनुभवला होता. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचे प्रकरण उद्भवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली आरोपींना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केला नाही, तेव्हा तिची संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. त्याविरुद्ध १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुंबई-नागपूरसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद त्या दुरुस्तीची देणगी आहे. नाव प्रसिद्ध करण्यास असलेली मनाईही तीच. देसाईगंजच्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही, पण तिच्या मागून येणाऱ्यांसाठी कायदा बदलला. भटेरीतही तसेच घडावयाचे होते.

विशाखा निर्णय म्हणजे काय?

फौजदारी खटला व्यक्तीविरुद्ध असतो. भटेरीच्या प्रकरणात त्यापलीकडचा एक प्रश्न होता. ही स्त्री घरगुती भांडणातून नव्हे, तर नेमून दिलेले काम करताना संकटात सापडली. मग काम करणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेची हमी कोणी द्यावयाची? जयपूरच्या 'विशाखा' या संस्थेने इतर स्त्रीसंघटनांसमवेत १९९२ सालीच हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर व न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने निर्णय दिला. न्या. मनोहर या त्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. केंद्राच्या वतीने न्यायालयास साहाय्य करणारे महान्यायअभिकर्ता टी. आर. अंध्यारुजिना हेही महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता.

निर्णयाची मांडणी समजण्यास कठीण नाही. राज्यघटनेने स्त्रीला समानता, व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याचा हक्क दिला आहे. कामाच्या ठिकाणी भीती असेल, तर हे तिन्ही हक्क कागदावरच राहतात. या विषयावर देशात कायदा नव्हता. मात्र स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९९३ साली मान्यता दिली होती. त्या कराराचा आधार घेऊन न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि संसद कायदा करीपर्यंत तीच कायदा म्हणून पाळली जावीत, असे फर्माविले. लैंगिक छळ म्हणजे काय याची व्याख्या झाली. प्रत्येक ठिकाणी स्त्रीच्या अध्यक्षतेखाली, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया असलेली आणि बाहेरच्या संस्थेचा एक प्रतिनिधी घेतलेली तक्रार समिती नेमावी, असे ठरले. बाहेरचा प्रतिनिधी कशासाठी, असे कोणी विचारील. वरिष्ठांचे दडपण समितीवर येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

पुण्याहून गेलेले पत्र

निर्णय झाला म्हणजे अंमलबजावणी झाली, असे होत नाही. अनेक कार्यालयांत समित्या नव्हत्या. होत्या तेथे कागदोपत्री होत्या. पुण्यातील 'आलोचना' या स्त्रीविषयक दस्तऐवज व संशोधन केंद्राच्या श्रीमती मेधा कोतवाल-लेले यांनी अशी प्रत्यक्ष प्रकरणे गोळा केली आणि विशाखा निर्णयाची अवहेलना होत असल्याचे सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळविले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. भंवरीदेवींचे नाव जगभर गेले. या पत्राची आठवण फारशी काढली जात नाही, याचे वैषम्य वाटते. मोर्चात सहस्रावधी लोक येतात. एकेका शासकीय विभागाने काय केले आणि काय केले नाही, याचा पाठपुरावा एका तपाहून अधिक काळ करीत राहणे, हे काम मात्र एकाकी असते.

या याचिकेत २६ एप्रिल २००४ रोजी एक महत्त्वाचा आदेश झाला. त्यापूर्वी तक्रार समितीने चौकशी केली तरी तिचा अहवाल प्राथमिक समजला जाई आणि खात्याची चौकशी नव्याने सुरू होई. म्हणजे जो प्रसंग एकदा सांगताना स्त्रीचा कंठ दाटून येतो, तो तिने पुन्हा नवख्या अधिकाऱ्यांपुढे सांगावयाचा आणि उलटतपासणीला पुन्हा तोंड द्यावयाचे. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा, असे न्यायालयाने सांगितले आणि ही दुहेरी यातना टळली. पुढे १९ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतिम निर्णय झाला. विशाखा निर्णयास पंधरा वर्षे लोटली, तरी काही राज्यांनी सेवानियमांत दुरुस्ती केलेली नव्हती आणि काहींनी संपूर्ण राज्यासाठी मिळून एकच समिती नेमली होती! तालुका, जिल्हा व राज्य पातळीवर पुरेशा समित्या दोन महिन्यांत स्थापाव्यात, असा आदेश देण्यात आला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत संसदेने कायदा संमत केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो अंमलात आला.

कायदा काय देतो?

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे या कायद्याने सक्तीचे आहे. ती न नेमल्यास मालकास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावयाची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते आणि जिला लिहिता येत नाही तिला तक्रार लिहून देण्यास साहाय्य करणे हे समितीचेच कर्तव्य आहे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. त्या काळात तक्रारदार स्त्रीला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. समेट तिच्याच विनंतीवरून होऊ शकतो, परंतु पैसे देऊन मिटविण्यास मुभा नाही. केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे.

समितीने निःपक्षपाती असणे तितकेच अगत्याचे आहे. गोव्यातील एका अध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा करण्यास सांगितले, कारण समितीने कामकाज घाईने उरकले आणि बचावाची पुरेशी संधी दिली नव्हती. अशा घाईचा फटका अखेर तक्रारदार स्त्रियांनाच बसतो. त्याच प्रकरणात न्यायालयाने देशभरातील अंमलबजावणीच्या उणिवांवर बोट ठेवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी व स्थानिक समिती नेमण्यासाठी मुदत घालून दिली.

आता मानधनाच्या त्या प्रश्नाकडे येऊ. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा कार्यकर्ती यांसारख्या हजारो स्त्रिया महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शासनाचे काम करतात. त्यांना पगार नव्हे, मानधन मिळते. त्यांचे कार्यालय म्हणजे गावातील प्रत्येक घराचा उंबरठा. या स्त्रिया 'कर्मचारी' ठरतात काय? कायद्याची व्याख्या पुरेशी व्यापक आहे. मोबदला मिळो वा न मिळो, काम स्वेच्छेचे असो वा कंत्राटी, ती स्त्री कर्मचारी ठरते. आणि कामानिमित्त ती जेथे जाते ते स्थळ कामाचे ठिकाण मानले जाते. एवढेच नव्हे, कामाच्या ठिकाणी ज्यांच्याशी संबंध येतो अशा बाहेरच्या लोकांपासूनही तिला सुरक्षित ठेवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. छळ करणारा कर्मचारी नसेल, तरी तिची इच्छा असल्यास त्याच्यावर फौजदारी कारवाई सुरू करवून देणे त्याला बंधनकारक आहे. भटेरीचे शेत डोळ्यांसमोर ठेवूनच जणू हे कलम लिहिले गेले. नियोक्ता नेमका कोण, जिल्हा परिषद की प्रकल्प कार्यालय की कंत्राटदार संस्था, याविषयी प्रत्यक्षात टोलवाटोलवी होण्याचा संभव राहतो. म्हणून नेमणूकपत्र किंवा आदेशाची प्रत प्रत्येक सेविकेने जपून ठेवलेली बरी.

जेथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती चौकशी करते. शेतमजूर, घरकामगार, लहान दुकानांतील स्त्रिया यांचा आधार हीच समिती. तिच्या अध्यक्षपदी समाजकार्याच्या क्षेत्रातील, स्त्रियांच्या प्रश्नाविषयी बांधिलकी असलेली ख्यातनाम स्त्री असावी, असे कायदा म्हणतो. तालुक्यात किंवा प्रभागात काम करणारी एक स्त्री आणि अशासकीय संस्थांचे दोन प्रतिनिधी तीत असतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग वा अल्पसंख्याक समाजातील किमान एक स्त्री असणेही आवश्यक आहे. ज्या समाजसेविकेला १९९२ साली रुग्णालय आणि पोलीस ठाणे यांच्या दारांत ताटकळत राहावे लागले होते, तिच्याच जातकुळीच्या कार्यकर्तीला कायद्याने आता चौकशीच्या आसनावर बसविले आहे.

तक्रार देण्यासाठी खेड्यातील स्त्रीला जिल्ह्याच्या गावी जाण्याची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात आणि शहरातील प्रत्येक प्रभागात एक समन्वय अधिकारी नेमावयाचा असून, त्याने आलेली तक्रार सात दिवसांच्या आत स्थानिक समितीकडे पाठवावयाची असते. आपल्या तालुक्याचा हा अधिकारी कोण, हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे. नाव सांगता आले नाही, तर तशी लेखी विचारणा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करावी.